वळूची पाठ नंतर बघा, आधी मागचे पाय

गायी भरवायचा (गाभण घालवायचा) हंगाम दोन महिन्यांवर आला असेल, तर वळू आजच बाहेर काढा आणि कोरड्या, कडक, सपाट जमिनीवर वीस-पंचवीस पावलं चालवा. चिखलात किंवा उंच गवतात चालवून उपयोग नाही, तिथे लंगडाही धड दिसतो. मांसासाठीच्या कळपात वळू निवडताना पाठ, मांड्या, वजन सगळं बघितलं जातं, चाल तेवढी राहते. मग ऐन हंगामात वळू बसतो, गायी उलटत (गाभण न राहता पुन्हा माजावर येत) राहतात, आणि लक्षात येईपर्यंत निम्मा हंगाम गेलेला असतो.

दोन महिने आधीच का, तर वीर्य तयार व्हायला साधारण 60 दिवस लागतात. आज आलेला ताप किंवा वृषणाला लागलेला मार हंगामात भोवतो. शिवाय वळू बदलायचाच झाला तर नव्याला रुळायला वेळ हवा.

आधी बाजूने उभे राहा. नजर मागच्या पायाच्या मधल्या सांध्यावर ठेवा. सांधा फार वाकून खूर पोटाखाली आला असेल, तर तो विळ्यासारखा पाय. यात सांध्याच्या मागचे बंध ताणले जातात, भार टाचेवर येतो, टाच बसते आणि खुरीचं (खुराच्या एका फाकेचं) टोक पुढे वाढत जातं. सरळसोट पाय त्याहून वाईट, कारण तो फसवतो. नुसता उभा असताना असा वळू उंच, रुबाबदार दिसतो आणि म्हणूनच विकला जातो. पण सांध्यात लवचीकपणा नसल्याने प्रत्येक पावलाचा हादरा हाडांवर बसतो. गायीवर चढताना तर बहुतेक भार मागच्या दोन पायांवर येतो. सांध्याच्या बाजूला बोटाने दाबून बघा. मऊ, पाणी भरल्यासारखी सूज लागली तर दुखणं आधीच सुरू झालंय. वरच्या गुडघ्याचा बंध तुटला तर तो वळू कामातून गेला.

मग मागून बघा. सांधे थोडे आत वळलेले असतील तर चालवून घेता येतं. बाहेर फाकलेले असतील तर नाही, कारण पाऊल टेकताना खूर जमिनीवर पिळला जातो.

खुराच्या दोन्ही खुऱ्या सारख्या हव्यात. टोकं एकमेकींवर चढत असतील किंवा मागची बाहेरची खुरी पिळवटून आत वळली असेल, तर वळू नाकारा; हा दोष बऱ्याच अंशी वंशातून उतरतो. विक्रेत्याने नुकतेच छाटलेले खूर दाखवले तर संशय घ्या. खूर महिन्याला साधारण 5 मिलिमीटर वाढतो, म्हणजे लपवलेला आकार काही महिन्यांत परत दिसतो. दीड वर्षाच्या खोंडाचे खूर छाटायची वेळ का आली, हे आधी विचारा.

ठशांचीही एक खूण आहे. मऊ मातीचा पातळ थर पसरून वळू चालवा. मागचा खूर पुढच्याच्या ठशात किंवा अगदी जवळ पडायला हवा. हातभर मागे पडत असेल तर खांदा फार उभा आहे किंवा कुठेतरी दुखतंय. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. पण सहसा चुकत नाही.

खुरांच्या टॉनिकवर पैसे घालू नका. बायोटिन हे जीवनसत्त्व रोज 20 मिलिग्रॅम काही महिने दिलं तर खुराची प्रत सुधारते, हाडाचा कोन सुधारत नाही. विक्रीसाठी भरड चारून फुगवलेला वळूही नको: चरबी सांध्याचे दोष झाकते, वृषणाच्या मानेत साचून वृषण तापवते, आणि अती धान्याने खुराच्या आत सूज येते.

बाकी कामं नेहमीची:
- वीर्यतपासणी, वृषणाचा घेर 15 महिन्यांपर्यंत किमान 30 सेंमी, दोन वर्षांपुढे 34
- ब्रुसेलोसिस, ट्रायकोमोनास, कॅम्पायलोबॅक्टर (गाभण राहण्यात अडथळा आणणारे, गर्भ पाडणारे संसर्ग) तपासणी
- जंत, गोचीड
- शरीरस्थिती 5 पैकी 3 (1 म्हणजे हाडकुळा, 5 म्हणजे फार लठ्ठ)
- नव्या खोंडाला वयाच्या महिन्यांइतक्याच गायी. प्रौढाला साधारण 25

लपलेले जनुकीय दोष डोळ्यांना दिसत नाहीत. 2008 मध्ये अँगस या मांसाच्या गुरांच्या जातीत उघड झालेला वाकड्या सांध्यांचा, मेलेल्या वासरांचा दोष अप्रभावी जनुकाचा आहे, म्हणजे ते आई-बाप दोघांकडून आलं तरच वासरात दिसतो; एकच प्रत असलेलं जनावर धड दिसतं, त्याला वाहक म्हणतात. वाहक वळू आणि वाहक गाय यांच्या वासरांत सरासरी चारात एक बाधित, दोन वाहक. केसांच्या मुळांवरून तपासणी होते. पण वाकडं वासरू जन्मलं म्हणून लगेच वळूला दोष देऊ नका. गाभणपणी अकाबाने विषाणूची लागण झाली किंवा विषारी लुपिन ही वनस्पती खाण्यात आली, तरी वासरं अशीच निघतात. मेलेलं वासरू पुरण्याआधी नमुना घ्या.

वळूला स्वतःच्या कालवडी लावू नका. अशा जोडीच्या वासरांत समरक्ताचं प्रमाण (एकाच पूर्वजाचं जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता) 25 टक्के होतं आणि लपलेलं सगळं वर येतं. पहिल्या कालवडी 15 महिन्यांच्या होण्याआधी वळू बदला किंवा त्या वेगळ्या ठेवा.

पायाचा दोष किरकोळ असलेला वळू ठेवावाच लागला, तर त्याच्या कालवडी पैदाशीला ठेवू नका. खोंड-कालवडी सगळ्या विकून टाका, आणि हंगामभर दर आठवड्याला त्याला पुन्हा कडक जमिनीवर चालवून बघा.