चिकटलेली पोस्टकार्डं सोडवली, त्याची गोष्ट

जुनी चित्रांची पोस्टकार्डं मी हौसेने जमवतो, त्यातही मागे कुणीतरी लिहिलेली. कोरं कार्ड मला अर्धवटच वाटतं. सुरुवातीला अक्कल नव्हती. चिकट पानांचा, वर प्लास्टिक ओढायचा फोटो अल्बम आणला आणि सगळी त्यात बसवली. दोन पावसाळ्यांत कार्डं पानांना घट्ट चिकटली. पहिलं नखाने ओढलं, तर मागच्या मोडी मजकुराच्या दोन ओळी सालपटासारख्या पानावरच राहिल्या. फार चरफडलो.

मग दातांत फिरवायचा, मेण नसलेला दोरा घेतला. कार्डाच्या कोपऱ्याखाली सरकवून करवतीसारखा हळूहळू मागेपुढे ओढत नेला. एका कार्डाला वीसेक मिनिटं. पाणी, हेअर ड्रायर, थिनर यांच्या वाटेला गेलो नाही. त्या काळच्या कितीतरी शाया ओल लागली की पसरतात.

त्यात मळवलीच्या रविवर्मा प्रेसची एक लक्ष्मी होती. मागची शाई उडून चहाच्या डागासारखी झालेली. मोबाइलवर फोटो काढून त्यातल्या लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या थरांपैकी (चॅनल) फक्त निळा ठेवला आणि अक्षरं एकदम वर आली: ‘मुलगी सुखरूप, काळजी नसावी.’ बाकीचं मोडी मला अजून लागत नाही.

आता प्रत्येक कार्ड पॉलिएस्टरच्या (कापड नव्हे, पारदर्शक प्लास्टिक) वेगळ्या पाकिटात, डबा लोखंडी कपाटात मधल्या फळीवर. पीव्हीसीची पाकिटं स्वस्त पडतात, पण कालांतराने चिकट होतात. लॅमिनेशनचं तर नावच नको. त्या दोन ओळींचं पान मात्र फेकवलं नाही, कार्डासोबतच ठेवलंय.