‘नंतर बदलता येईल’ या भरवशावर घेतलेली रायफल : मॉड्युलर मॅच रायफल घेण्यापूर्वी या चुका टाळा

ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरो येथे १० मीटर एअर रायफलचे जागतिक विजेतेपद मिळवले. त्यानंतर घोडबंदर रस्त्यापासून नेरुळपर्यंतच्या ओळखीच्या पालकांकडून मला एकच प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला : मुलाला स्वतःची रायफल घ्यायची आहे, कोणती घ्यावी? मी या प्रश्नाचे उत्तर सहसा लगेच देत नाही. कोणती रायफल चांगली, हे सांगणे सोपे आहे, परंतु समोर ठेवलेली रायफल त्या मुलाच्या अंगाला बसेल की नाही आणि तिच्यात न दिसणारा दोष आहे की नाही, हे तपासल्याखेरीज कळत नाही. बहुतेक चुका याच तपासणीत होतात.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. परदेशी चित्रफिती पाहिलेली तरुण मंडळी अर्धस्वयंचलित, म्हणजे प्रत्येक वेळी ट्रिगर दाबल्यावर पुढची गोळी आपोआप भरून घेणाऱ्या, मॉड्युलर रायफलींविषयी विचारतात. सेंट्रल-फायर, म्हणजे बुडाच्या मध्यभागी आघात होऊन पेटणाऱ्या, काडतुसाची अशी रायफल आपल्याकडे नागरिकाला नेहमीच्या परवान्यावर मिळत नाही, आणि नेमबाजीसाठी तिची गरजही नाही, कारण ऑलिंपिकमधील रायफल प्रकारांत एका वेळी एकच गोळी हाताने भरावी लागते. अर्धस्वयंचलित शस्त्राला तेथे जागा आहे ती २५ मीटर पिस्तुलाच्या प्रकारांत. मात्र त्या रायफलींचे जे वैशिष्ट्य मंडळींना भुरळ घालते, म्हणजे अॅल्युमिनियमचा सांगाडा आणि त्यावर सरकवता, फिरवता व बदलता येणारे भाग, ते आजच्या १० मीटर मॅच रायफलमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या एअर रायफलमध्ये, पुरेपूर आढळते. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, अॅन्शुट्झ आणि स्टायर यांच्या रायफली याच बांधणीच्या असतात. पुढील विवेचन त्यांच्याविषयी आहे.

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ‘मॉड्युलर’ या शब्दाचा ‘नंतर सगळे बदलता येईल’ असा अर्थ घेणे. बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग), चीक पीस (गाल टेकवायचा भाग), ग्रिप (मूठ) आणि वजने बदलता येतात हे खरे, परंतु नळी, हवेचा दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर आणि ट्रिगरची यंत्रणा हा रायफलीचा मूळ पिंड असून तोच दोषी असेल, तर त्याभोवती कितीही महागडे भाग लावले तरी काही साधत नाही. शिवाय एका कंपनीचा हवेचा सिलिंडर किंवा चीक पीस दुसऱ्या कंपनीच्या सांगाड्यावर बसेलच असे नाही, एकाच कंपनीच्या जुन्या व नव्या मॉडेलांतही फरक असतात, आणि सुटा भाग परदेशातून मागवताना लागणारा वेळ पाहता त्या मुलाचा एखादा स्पर्धा-हंगाम सहज हातचा जातो. म्हणून आज रायफलीसोबत जे मिळते आहे तेवढ्यावर ती वापरता येईल का, हाच प्रश्न विचारावा.

दुसरी चूक दुकानात किंवा विक्रेत्याच्या घरी साध्या कपड्यांत रायफल खांद्याला लावून पाहण्याची. नेमबाज स्पर्धेत कॅनव्हास व चामड्याचे जाड जॅकेट, ताठ पँट आणि सपाट तळाचे बूट घालतो. जॅकेटमुळे खांद्याची जाडी वाढते, बुटांमुळे उभे राहण्याची ढब बदलते, आणि शर्टावर अचूक बसलेली बट प्लेट जॅकेटवर लांब पडते. आपले जॅकेट व बूट नेऊन, निदान अर्धा तास, खऱ्या पोझिशनमध्ये रायफल धरल्याशिवाय निर्णय घेऊ नये. उभ्या पोझिशनमध्ये रायफलीचा भार डाव्या हाताच्या स्नायूंवर नव्हे, तर कोपरातून कमरेच्या हाडावर उतरला पाहिजे, आणि डोके पुढे न वाकवता, गाल सहज टेकवून मागच्या साइटमधून, म्हणजे नेम धरण्याच्या छिद्रातून, लक्ष्य दिसले पाहिजे. साधी कसोटी अशी की डोळे मिटून रायफल लावावी, दोन-तीन श्वास घ्यावेत आणि मग डोळे उघडावेत. पुढच्या साइटचे वर्तुळ मागच्या छिद्राच्या मधोमध दिसत नसेल, तर चीक पीस किंवा बट प्लेट हलवावी. ती पूर्ण टोकापर्यंत सरकवूनही वर्तुळ मधोमध येत नसेल, तर ती रायफल त्या शरीरासाठी नाही. उंच मानेच्या मुलांना साइट उचलणारे ठोकळे लागतात, आणि पुष्कळदा ते रायफलीसोबत येत नाहीत.

वाढत्या वयाच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट पाहावी. बट प्लेट आज मधल्या खुणेवर असेल तर पुढच्या दोन-तीन वर्षांची वाढ तिच्यात मावते, आणि आजच ती शेवटच्या खुणेवर असेल तर मावत नाही. वजनाबाबत गोंधळ होतो तो नियम अर्धवट ऐकल्यामुळे. १० मीटर एअर रायफलची वजनमर्यादा ५.५ किलो असून ती कमाल मर्यादा आहे, गाठायचे उद्दिष्ट नव्हे. बारा-तेरा वर्षांच्या सडपातळ मुलीला मोठ्यांची रायफल देऊन ‘सवय होईल’ म्हणणारे पालक मी पाहिले आहेत. सवय होते खरी, पण कंबर एका बाजूला ढकलून उभे राहण्याची, आणि ती मोडायला पुढे वर्ष जाते. अशा वयात हलकी, कनिष्ठांसाठी बनवलेली रायफल घ्यावी.

आता सिलिंडरविषयी, आणि येथे मला स्वतःची चूक कबूल करावी लागते. काही वर्षांपूर्वी पुतणीसाठी वापरलेली रायफल पाहायला मी विक्रेत्याकडे गेलो होतो. नळी पाहिली, ट्रिगर पाहिला, साइट पाहिली, सिलिंडर भरलेला होता म्हणून समाधान मानले आणि त्यावर कोरलेली तारीख वाचली नाही. पहिल्याच स्पर्धेच्या उपकरण तपासणीत परीक्षकाने ती वाचली. दहा वर्षे उलटून गेली होती आणि रायफल बाजूला ठेवली गेली. मॅच रायफलीच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा असते. उत्पादकांनी त्याच्या वापराची मुदत ठरवलेली असते, ती बहुधा उत्पादनापासून १० वर्षांची असते, आणि मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेत न वापरण्याची जबाबदारी नियमांनी खेळाडूवर टाकली आहे. सिलिंडर बदलता येतो, पण त्याची किंमत सौद्यातच धरली पाहिजे. विक्रेत्याने ‘अजून एक थेंब हवा गळत नाही’ असे सांगितले, तरी गळती आणि मुदत हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

गळतीची तपासणी घाईत होत नाही. सिलिंडर भरून दाबमापकाचा आकडा लिहून ठेवावा, रायफल एक रात्र तशीच ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत, त्याच तापमानात तो आकडा पुन्हा पाहावा. दुपारी उन्हातून आणलेल्या आणि सकाळी पंख्याखाली पाहिलेल्या सिलिंडरचे आकडे थोडे वेगळे येतातच. त्यावरून निष्कर्ष काढू नये. भरण्याचा अडॅप्टर सोबत मिळतो का, हेही त्याच वेळी विचारावे, कारण कंपनीगणिक तो वेगळा असतो. ठाणे-नवी मुंबईच्या हवेत जून ते सप्टेंबरदरम्यान हातपंपाने भरताना पाण्याची वाफही आत जाते, म्हणून कोरडी, गाळलेली हवा देणाऱ्या टाकीतून भरलेले बरे. ऑक्सिजन किंवा अन्य कोणताही वायू त्यात कधीही भरू नये. यात जिवाचा धोका आहे.

अचूकतेच्या तपासणीत होणारी चूक समजून घ्यायची, तर लक्ष्याचे गणित माहीत हवे. १० मीटरच्या लक्ष्यावरील दहाचा बिंदू केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा. कड शिवली तरी गुण मिळत असल्याने छर्‍याचा केंद्रबिंदू मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला की दहा मिळतात, आणि दशांश गुणांत १०.० पासून १०.९ पर्यंतचे हे अंतर दर दशांशाला पाव मिलिमीटर असे विभागले आहे. म्हणजे रायफल एक मिलिमीटर जरी भरकटली, तरी चार दशांश गेले, आणि असे ६० नेम घ्यायचे असतात. घराच्या पाच मीटर लांबीच्या पडवीत पुठ्ठ्यावर पाच छर्रे मारून ‘एकाच भोकात गेले’ म्हणणे ही तपासणी नव्हे. पूर्ण १० मीटरवर, रायफल भक्कम आधारावर किंवा क्लॅम्पमध्ये बसवून, दहा-दहा छर्‍यांचे ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके, घ्यावेत, आणि तेही एकाच डब्यातले नव्हे. छर्‍यांच्या डोक्याचा व्यास ४.४८, ४.४९, ४.५० असा थोडाथोडा वेगळा असतो, आणि एखाद्या नळीला यांतला एकच मानवतो. एका डब्याने ग्रुप फाकला, म्हणून चांगली नळी नाकारणे आणि एकाच डब्याने जुळला, म्हणून तोच जन्मभर मिळेल असे मानणे, दोन्ही चुकीचे. नव्या रायफलीसोबत कारखान्यातील चाचणीचे कार्ड येते. वापरलेल्या रायफलीसोबतही ते मागावे.

साइट सरकवणाऱ्या बटणाचे क्लिक मात्र झटपट तपासता येतात. दहा क्लिक उजवीकडे, दहा वर, दहा डावीकडे, दहा खाली, प्रत्येक टप्प्यावर दोन छर्रे. शेवटचा ग्रुप जेथून सुरुवात केली तेथेच यायला हवा. न आल्यास साइट झिजली आहे. दोन टप्प्यांत दबणाऱ्या ट्रिगरबाबत पाहायचे ते एवढेच की पहिल्या टप्प्याचा शेवट बोटाला नेमका जाणवतो का आणि प्रत्येक वेळी तो त्याच जागी येतो का. छर्रा न भरता ट्रिगर दाबायचा असेल, तर रायफलीतील ड्राय फायरची सोय वापरावी, अन्यथा विक्रेता रागावला तर त्याचे चुकत नाही.

‘हिची ताकद जास्त आहे’ हे वाक्य विक्रेत्याकडून ऐकले, तर सावध व्हावे. मॅच रायफल अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० ते १७५ मीटर वेगाने सोडते, म्हणजे ऊर्जा साधारण साडेसात ते आठ जूल असते, आणि कागदाला भोक पाडायला तेवढी पुरते. भारतात शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटर, म्हणजे ०.१७७ इंच, व्यासापर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, मात्र कोणी आतील भाग बदलून ऊर्जा त्यापलीकडे नेली असेल, तर रायफलीसोबत कायदेशीर अडचणही विकत घेतली जाते. शक्य असल्यास क्लबमधील वेगमापकावर दहा छर्‍यांचा वेग मोजून घ्यावा. सरासरीपेक्षा त्या दहा आकड्यांतील फरक किती, यावरून रेग्युलेटरची तब्येत कळते.

कागदपत्रांबाबत दोन गोष्टी पुरेत. पक्के बिल घ्यावे आणि त्यावरील क्रमांक रायफलीवरील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. मूळ आयातीचे कागद असल्यास त्यांच्या प्रती घ्याव्यात. पुढे काडतुसाच्या .२२ इंची रायफलीकडे वळायचे असेल, तर ती परवान्याचीच वस्तू आहे आणि दोन खेळाडूंमध्ये हातोहात देता-घेता येत नाही, मग विक्रेता कितीही ओळखीचा असो. ठाणे शहर, कल्याण, डोंबिवली यांसाठी ठाणे पोलीस आयुक्तालय आणि वाशी, पनवेल यांसाठी नवी मुंबई पोलीस आयुक्तालय, हा फरक अर्ज करताना विसरू नये.

पेटी कशी असावी, हा किरकोळ वाटणारा प्रश्न लोकलने प्रवास करणाऱ्याला किरकोळ राहत नाही. सव्वा मीटरच्या आसपासची कडक पेटी सकाळी ठाणे स्थानकाच्या पुलावरून न्यायची, तर पट्टा खांद्याला बसतो का आणि कुलूप पक्के लागते का, हे घेतानाच पाहावे. पेटी उघडल्यावर आतला फोमही दाबून पाहावा. वापरलेल्या रायफलीच्या पेटीतील फोम ओलसर लागला, तर त्यावर टेकलेली नळीची खालची बाजू आणि चीक पीसखालचे स्क्रू खोलून दाखवायला सांगावे, कारण पावसाळ्यात गंज तेथूनच धरतो आणि वरून पुसलेल्या रायफलीत तो दिसत नाही.