घरच्या मीडिया सर्व्हरची डिस्क दिसेनाशी झाली तर: आधी केबल, मग कॉपी, शेवटी दुरुस्ती

गणपतीच्या आदल्या आठवड्यात साफसफाईसाठी कपाट सरकवलं आणि संध्याकाळी टीव्हीवर आमची लायब्ररी रिकामी दिसायला लागली. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत टीव्हीखालच्या कप्प्यात एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर जेलिफिन हा घरचे सिनेमे-गाणी टीव्हीवर दाखवणारा सर्व्हर प्रोग्रॅम चालतो. बाबांनी कॅसेटवरून उतरवलेली नाट्यगीतं, घरातल्या बारशांचे व्हिडिओ, सगळं त्यातल्या एका ४ टीबीच्या डिस्कवर. ‘डिस्क गेली’ असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं. प्रत्यक्षात डिस्कला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलच्या टोकाची पत्र्याची छोटी क्लिप मोडली होती आणि धक्क्याने केबल जेमतेम एक-दोन मिलिमीटर बाहेर आली होती. तेव्हापासून मी एक क्रम ठरवला आहे आणि तो मोडत नाही.

सर्वांत आधी लायब्ररीचं आपोआप होणारं स्कॅन बंद करा. डिस्क जोडलेली नसताना स्कॅन झालं, तर फाइली काढून टाकल्या असं सर्व्हर समजू शकतो आणि नोंदी पुसू शकतो. काय बघून झालं, कुठपर्यंत ऐकलं, ही सगळी माहिती त्यांच्याबरोबर जाऊ शकते. जेलिफिनसारख्याच प्लेक्समध्ये स्कॅननंतर ट्रॅश आपोआप रिकामं करण्याचा पर्याय आहे, तो कायमचा बंदच ठेवा. डाउनलोडही थांबवा, कारण माउंट न झालेल्या, म्हणजे सिस्टिमने फोल्डरला न जोडलेल्या, डिस्कच्या रिकाम्या फोल्डरमध्ये ते साठत जातात आणि सिस्टिम असलेली मूळ एसएसडी भरून जाते.

मग मशीन बंद करून, प्लग काढून, डेटा आणि पॉवर अशा दोन्ही केबल काढा आणि पुन्हा घट्ट बसवा. शक्य असेल तर डेटा केबल बदलाच. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर ती स्वस्तात मिळते, मी एक जास्तीची घरात ठेवतो. बाहेरची यूएसबी डिस्क असेल तर हब बाजूला ठेवून थेट मशीनला लावा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर आणि ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर देण्यासाठी बनलेला असतो. एका हबवर दोन छोट्या डिस्क लावल्या की फिरायला लागतानाच त्यांना वीज कमी पडते. साडेतीन इंची डिस्कच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात, म्हणून तिचा अडॅप्टर वेगळा असतो. तो थकला असेल तर डिस्क सुरू होते, थोडं फिरते आणि परत बंद पडते.

डिस्क बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, दिसते पण लायब्ररीत नाही, असं असेल तर दोष बहुधा माउंटमध्ये आहे. लिनक्सवर डिस्कला एसडीए, एसडीबी ही नावं दर वेळी तीच मिळतील याची खात्री नसते. कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब (fstab) फाइलमध्ये यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक, लिहा आणि पुढे ‘नोफेल’ (nofail) हा पर्याय जोडा, म्हणजे एक डिस्क नसली तरी मशीन अडून बसत नाही.

आता डिस्कची तब्येत. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते, त्या वाचायला लिनक्सवर स्मार्टसीटीएल, विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा आणि शेवटच्या रकान्यातले, म्हणजे रॉ व्हॅल्यूचे, चार आकडे वाचा. स्मार्टसीटीएलमध्ये त्यांचे क्रमांक ५, १९७, १९८ आणि १९९ असतात; क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तेच त्याच क्रमाने ०५, सी५, सी६ आणि सी७ असे दिसतात. क्रमांक ५ म्हणजे खराब निघून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे). १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर. १९८ म्हणजे तपासणीत न वाचलेले. १९९ मात्र बहुतेक वेळा केबलचा दोष दाखवतो. हा आकडा वाढलेला बघून घाबरू नका. तो कधी शून्यावर येत नाही, म्हणून केबल बदलल्यावर तो लिहून ठेवा आणि आठवड्याने बघा. तिथेच थांबला असेल तर केबलच दोषी होती. आमचा २१४ वर थांबला आहे.

१९७ किंवा १९८ शून्याच्या वर गेला, किंवा डिस्कमधून टक-टक आवाज यायला लागला, तर पुढचं सगळं सोडून कॉपी काढा. इथेच बरेच जण चुकतात आणि विंडोजमधली चेकडिस्क ही दुरुस्तीची आज्ञा चालवतात. ती दुरुस्ती फाइलप्रणालीची असते. मरायला टेकलेल्या डिस्कवर ती डेटा वाचणाऱ्या हेडला पुन्हा पुन्हा त्याच खराब जागी पळवते. डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची कॉपी काढणारा प्रोग्रॅम वापरा: ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागा मागे ठेवतं आणि मॅप फाइलमध्ये नोंद करतं, त्यामुळे मधे वीज गेली तरी तिथूनच पुढे चालू करता येतं. नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी हवी. डिस्क घरी उघडायची नाही, फ्रीजरमध्ये ठेवायची नाही. हेड प्लेटपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, धुळीचा कणही त्याला पुरतो. टक-टक चालूच राहिली आणि आतलं मोलाचं असेल, तर वीज बंद करून थेट डेटा काढणाऱ्यांकडे न्या.

हार्ड डिस्कचं झालं; डीव्हीडी ड्राइव्ह अडला तर त्याचं निदान तीन डिस्कनी होतं: एक विकतची ऑडिओ सीडी, एक विकतची सिनेमाची डीव्हीडी, एक घरी बर्न केलेली डीव्हीडी. सीडीला ७८० आणि डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लेझर लागतो. म्हणून सीडी चालते आणि एकही डीव्हीडी चालत नाही, असं झालं तर डीव्हीडीचा लेझर थकला, ड्राइव्ह बदला. फक्त बर्न केलेल्या अडत असतील तर आधी डिस्ककडे बघा. मुंबईच्या पावसाळ्यात पाकिटातल्या डिस्कवर बुरशीचे पांढरट ठिपके येतात. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून कधीच नाही: डेटा गोलाकार लिहिलेला असतो आणि त्या दिशेचा ओरखडा सलग माहिती खातो. ट्रे उघडत नसेल तर वीज बंद करून पुढच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप हलकेच दाबा. परदेशातून आणलेला सिनेमा चालत नसेल तर रिजन, म्हणजे डीव्हीडी कोणत्या देशांसाठी आहे तो क्रमांक, तपासा. भारत ५ मध्ये येतो आणि ड्राइव्हचा रिजन पाचच वेळा बदलता येतो.

एक डिस्क एका ड्राइव्हवर वाचली नाही म्हणून टाकून देऊ नका. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे बऱ्याचदा शेवटचा भाग कडेला असतो, जिथे बोटं लागतात. आत्याच्या लग्नाच्या डीव्हीडीत पाठवणीचा भाग आमच्या ड्राइव्हवर प्रत्येक वेळी अडायचा. शेजारच्या काकांच्या जुन्या लॅपटॉपवर वाचनाचा वेग कमी करून लावली, तर तो पूर्ण उतरला.