बर्न्स आयसीयूत नवीन आहात? आधी युरीन बॅग बघा

बर्न्स आयसीयूत लागले तेव्हा मेडिकल आयसीयूतली तीन वर्षं गाठीशी होती. मॉनिटर वाचता आला की पेशंट कळला, असं वाटायचं. दुसऱ्याच रात्री स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली एक बाई आली. वजन ५० किलो, ४० टक्के भाजलेली. छातीची कातडी ओली, सुटलेली; इलेक्ट्रोड चिकटेचनात, शेवटी पाठीवर आणि मांडीवर लावले. दंड इतका सुजलेला की बीपीचा पट्टा (कफ) नुसता फुगायचा, आकडा यायचा नाही. नाडी १२०. मी डॉक्टरांना उठवलं. त्यांनी वाकून आधी युरीन बॅग पाहिली. "तासाची किती?" मी मोजलीच नव्हती.

मोठ्या भाजण्यात पहिले २४ तास रक्तातलं पाणी बारीक रक्तवाहिन्यांतून पाझरून सुजेत जातं. बाहेरून अंग फुगतं आणि आत हृदयाला भरायला रक्त कमी पडतं. वेदना आणि भीतीनंही नाडी वाढते, म्हणून ११०-१२० वर लगेच दचकू नका. पण ती चढतच राहिली तर कळवा. बीपीवर विसंबू नका, ते शेवटपर्यंत टिकून राहतं आणि मग एकदम कोसळतं. मूत्रपिंडाला रक्त पोचतंय का, हे लघवी तासातासाला सांगते: मोठ्या माणसात किलोमागे अर्धा मिली, म्हणजे त्या बाईला तासाला २५, लहान मुलांत किलोमागे १. कमी दिसली की आधी नळी मुडपली नाही ना, ते बघा.

पहिल्या २४ तासांचं सलाईन पार्कलँडच्या सूत्राने काढतात: ४ मिली × वजन × भाजल्याचे टक्के. तिच्यासाठी ४ × ५० × ४० म्हणजे ८ लिटर आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन), त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. हे ८ तास भाजल्यापासूनचे, दवाखान्यात आल्यापासूनचे नाहीत. कधी भाजली विचारल्यावर सासू म्हणाली, "दिवेलागणीला." म्हणजे सातच्या सुमारास, आणि आमच्याकडे पोचली दहाला. उरलेल्या ५ तासांत ४ लिटर, तासाला ८००! नातेवाइकांना वेळ नीट, पुन्हा पुन्हा विचारा. आता बऱ्याच ठिकाणी मोठ्यांना ४ ऐवजी २ ने सुरुवात करतात. आकडा कुठलाही धरला तरी तो सुरुवातीपुरता. पुढचा वेग लघवी बघून डॉक्टर ठरवतात. लघवी तासाला ५० च्या वर जात असेल तर तेही तितक्याच तातडीने सांगा. जादा सलाईनने फुप्फुसात पाणी होतं, पोट दगडासारखं ताठ होतं.

विजेचा शॉक लागलेल्याचा ईसीजी आल्याआल्या काढा. त्याची लघवी चहासारखी लाल-काळी दिसली तर वाट बघू नका, स्नायू तुटताहेत. तिथे तासाला ७५-१०० मिली लागते. बंद खोलीत धुरात सापडलेल्याचा ऑक्सिजन ९८ दिसला तरी ऑक्सिजन काढू नका. कार्बन मोनॉक्साइड असला तरी बोटावरची क्लिप तोच आकडा दाखवते.

हात किंवा पाय गोलाकार, म्हणजे चहूबाजूंनी, भाजला असेल तर दर तासाला बोटं चाचपा. गार पडली, बधिर झाली किंवा डॉपलरचा (रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राचा) आवाज मंदावला तर सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका, त्याच क्षणी सर्जनला फोन करा.