शोषखड्डा काढण्याआधी जमिनीला पाणी पाजून बघा

बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडे तांबडी माती आणि जांभा, निपाणी-चिकोडीकडे काळी चिकण जमीन. त्यामुळे दुसऱ्या गावच्या मापाने संडासाचा शोषखड्डा काढू नका. आधी आपली जागा तपासा, खर्च फक्त चार-पाच घागरी पाण्याचा.

1. ठरलेल्या जागी फूटभर रुंद, तीनेक फूट खोल खड्डा घ्या. पहारीने गुळगुळीत झालेल्या कडा खरवडा, तळाला दोन इंच वाळू टाका.
2. काठोकाठ भरून रात्रभर मुरू द्या. काळ्या रानात हे चुकवूच नका. कोरडेपणी भेगांतून पाणी गटागट जातं आणि जमीन चांगली वाटते. माती फुगली की त्याच भेगा मिटतात.
3. सकाळी तळात सहा इंच पाणी ठेवा, काठीवर खूण करा.

अर्ध्या तासात इंचभरही उतरलं नाही, तर तिथे शोषखड्डा तुंबणार. लांब, उथळ चर काढता येईल का, हे इंजिनिअरला विचारा.

जांभ्यात पाणी झरकन उतरलं तरी सांभाळा: तेच मैलापाणी विहिरीकडे जाऊ शकतं. विहीर, बोअरपासून निदान 60 फूट अंतर ठेवा.