कोयनेवर रुजू होणाऱ्या नव्या अभियंत्यांसाठी

धरणावर पहिली नेमणूक मिळाली की लक्ष आधी दरवाज्यांकडे जातं. कोयनेचे सहाही वक्राकार दरवाजे उचललेले पाहिले की कुणाचंही जाईल. तरी माझं सांगणं आहे, पहिला पावसाळा गॅलरीत, म्हणजे धरणाच्या भिंतीच्या आत तपासणीसाठी ठेवलेल्या बोगद्यात घालवा.

भिंतीतून आणि पायातून झिरपणारं पाणी निचरा छिद्रांवाटे गॅलरीतल्या नालीत येतं आणि व्ही-नॉचवरून, म्हणजे प्रवाह मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेतून पडतं. तिथली पातळी मिलिमीटरमध्ये वाचायची. पाझर वाढला की सगळे धावतात. कमी झाला की मात्र हायसं वाटतं, आणि खरं सावध तिथेच व्हायला हवं. जलाशयाची पातळी तीच असताना पाझर अचानक घटला, तर छिद्रं चुन्याने बुजलेली असू शकतात. मग पायाखाली अडलेला दाब धरणाला वर उचलू पाहतो. म्हणून पाझराशेजारी त्या दिवशीची जलाशय पातळी लिहायचीच. तुलनाही गेल्या वर्षी पातळी इतकीच होती तेव्हाच्या आकड्याशी करा, कालच्या आकड्याशी नको.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपात धरण टिकलं, पण सांडव्याबाहेरच्या, म्हणजे जिथून पाणी सोडत नाहीत त्या उंच भागात, नदी पुढे वाहते त्या बाजूचा उतार जिथे बदलतो त्या पातळीच्या आसपास भेगा पडल्या. पुढे मागून काँक्रीटचा आधार देऊन हा भाग बळकट केला. नकाशा हातात घेऊन ती जागा स्वतः पाहून या.

परिचालनाचा पेच वेगळाच. साठा सुमारे 105 टीएमसी (अब्ज घनफूट), मागणारे अनेक. विजेचं बरंचसं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहाकडे आणि पुढे वाशिष्ठीत जातं. पूर्वेला पायथा वीजगृहातून कोयनेच्या पात्रात. वीज आणि सिंचनाला ऑक्टोबरात धरण भरलेलं हवं, पुरासाठी ऑगस्टात जागा रिकामी हवी. विसर्ग ठरवताना कराडला कृष्णेची पातळी काय आहे हे आधी विचारा, कारण दोन्ही पाणी तिथे एकत्र येऊन सांगलीकडे निघतं. दरवाजे हलण्याआधी नदीकाठच्या गावांना इशारा पोचला की नाही, याची खात्री स्वतः फोन करून घ्या.

धरण सुरक्षा कायदा 2021 चा आहे. पावसाळ्याआधीची आणि नंतरची तपासणी त्यात बंधनकारक आहे. त्या तपासणीला येणारे लोक तुमच्याच नोंदवह्या उघडतात. एखाद्या दिवशी मोजमाप हुकलं तर रकाना कोरा ठेवा आणि शेजारी कारण लिहा. अंदाजाने भरू नका.