फादर मिगेल प्रोंची गोष्ट दहा मिनिटांत कशी सांगायची

फादर प्रो म्हणजे १९२७ मध्ये सरकारने गोळ्या घालून मारलेले मेक्सिकोतले कॅथलिक धर्मगुरू. २३ नोव्हेंबरला त्यांचा सण असतो, त्या आठवड्यात धर्मशिक्षणाच्या वर्गात कुणाला तरी बोलायला उभं करतातच. माझ्यावर पहिल्यांदा वेळ आली तेव्हा मी डायरेक्ट गोळीबाराचा फोटो दाखवला. पोरं गप्प. मग एकाने विचारलं, "पण त्यांना मारलं कशासाठी?" आणि मी पार अडकलो. म्हणून फोटो शेवटी ठेवा.

सुरुवात कोकोलपासून करा. कोकोल म्हणजे मेक्सिकोतला एक गोड पाव, प्रोंचा लहानपणापासूनचा आवडता, आणि पुढे लपूनछपून राहायची वेळ आली तेव्हा पत्राखाली ते हेच नाव टाकायचे. पोरांना हे लगेच पकडतं.

मग कायदा सांगा, पण थोडक्यात. राष्ट्राध्यक्ष कायेस यांचा चर्चवर निर्बंध घालणारा कायदा ३१ जुलै १९२६ ला लागू झाला, झगा घालून रस्त्यावर दिसलेल्या धर्मगुरूला ५०० पेसो दंड, आणि बिशपांनी त्याच दिवसापासून चर्चमधली जाहीर उपासना थांबवली. प्रो बेल्जियममधून नुकतेच परतले होते, १९२५ ला धर्मगुरूपदाची दीक्षा झालेली, पोटाच्या अल्सरची ऑपरेशनं होऊन गेलेली, अशा तब्येतीत हा माणूस मेक्सिको सिटीत सायकलवर फिरून घराघरांत गुपचूप कम्युनियन (पवित्र भाकर) द्यायचा, कधी मेकॅनिकच्या कपड्यांत तर कधी भिकाऱ्याच्या. इथे निवांत वेळ घ्या. पोलीस मागे लागले तेव्हा वाटेतल्या एका मुलीचा हात धरून ते जोडपं असल्यासारखे निघून गेले, हा किस्सा तर सोडूच नका.

एक घोळ मात्र नेहमी होतो. बाहेर क्रिस्तेरोंचं, म्हणजे सरकारविरुद्ध उठलेल्या कॅथलिकांचं सशस्त्र बंड चालू होतं म्हणून लोक प्रोंनाही बंदूकवाले समजतात, ते तसे नव्हते हे स्पष्ट सांगा. नोव्हेंबर १९२७ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष ओब्रेगॉनवर बॉम्बहल्ला झाला, त्यात वापरलेली गाडी आधी त्यांच्या भावाची होती, तेवढ्यावरून भावांसकट त्यांना पकडलं आणि खटला न चालवताच गोळ्या घालायचं ठरलं.

आता फोटो काढा. गुडघ्यावर प्रार्थना करतानाचा आधी, मग हात पसरून उभे असलेला, एका हातात क्रूस, दुसऱ्या हातात रोझरी (जपमाळ), डोळ्यांवर पट्टी नाही. शेवटचे शब्द "व्हिवा क्रिस्तो रे", म्हणजे ख्रिस्तराजाचा जयजयकार असो. फोटोग्राफर सरकारनेच बोलावले होते हे आवर्जून सांगा. लोकांना धाक बसावा म्हणून छापायला दिलेले फोटो लोकांनी घरात जपून ठेवले, आणि बंदी असतानाही अंत्ययात्रेला हजारोंनी गर्दी केली.

कुणी 'संत प्रो' म्हणालं तर हळूच सुधारा, १९८८ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलंय, संतपद अजून नाही.

आणि घरी एकदा घड्याळ लावून बोलून बघा, कायद्यातच तीन मिनिटं गेली तर मागच्या बाकावरचे मोबाईल काढतात.